कोळशातून उमटलेली आजी

टिळक रोडजवळच्या एका वाड्यात, माडीवर, रविवारी कोळसा आणि अ‍ॅक्रिलिकमधल्या व्यक्तिचित्राची कार्यशाळा होती. मी आजीचा जुना फोटो घेऊन गेले.

पहिला तास रंगाला हातच लावू दिला नाही. ३०० जीएसएमच्या जाड कागदावर गेसोचा, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचा, हात मारायचा, तोही मुद्दाम खडबडीत, म्हणजे कोळसा धरून राहतो. मग विलो झाडाच्या कोळशाच्या काडीने चेहरा. ही काडी इतकी मऊ की रेघ बोटाने पुसली जाते, चुकायची भीतीच उरत नाही. गडद भागासाठी दाबून केलेला कोळसा. तो मात्र सहज निघत नाही, म्हणून डोळ्यांखाली जपूनच वापरला.

खरी मजा पुढे. कोळशावर थेट ओला ब्रश फिरवला की पांढऱ्याचा राखाडी चिखल होतो. सरांनी आधी फिक्सेटिव्हचे, म्हणजे कोळसा पक्का बसवणाऱ्या फवाऱ्याचे, दोन पातळ थर मारायला लावले, पण गालाचा भाग मुद्दाम तसाच सोडायला सांगितला. त्या मिसळलेल्या राखाडीतच मला आजीच्या सुरकुत्या सापडल्या! शेवटी कपाळावर रंग लावायच्या सुरीने लाल रंगाचा एकच जाड ठिपका. ते कुंकू बघून डोळे भरून आले.

खिडक्या एकाच बाजूला आहेत, फिक्सेटिव्हचा वास कोंडतो. फवारणी गॅलरीत व्हायला हवी. वीस जण म्हणजे गर्दीच, बारा पुरेत. जुने कपडे घालून जा, अ‍ॅक्रिलिक वाळलं की निघत नाही.

पुढच्या वेळी आईचा फोटो नेणार आहे.