अशोकस्तंभाजवळचं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान: फॅनझीन छापायचंय तर इथेच जा

नाशकात थोड्याच कॉपी, पण नीट छापून देणारं कुणी आहे का असं विचारणाऱ्यांसाठी लिहितेय. आमच्या ग्रुपचं साय-फाय फॅनझीन (चाहत्यांनी स्वतः काढलेला हौशी अंक) आम्ही इथे छापून घेतो, म्हणजे स्टार ट्रेक या अमेरिकन टीव्ही सिरीयलच्या जगात घडणाऱ्या पण आमच्या आम्ही रचलेल्या मराठी गोष्टी आणि शेवटी वाचकांची पत्रं. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण काकांनीच नको म्हटलंय, ॲडमिशनच्या दिवसांत तिथे आधीच उभं राहायला जागा नसते. अशोकस्तंभाकडून रविवार कारंजाकडे जाताना स्पायरल बाइंडिंगच्या ढिगाऱ्याआड बसलेले काका दिसले की तेच.

ऑफसेटवाले, म्हणजे प्लेट बनवून छापणारे, पाचशे कॉपींच्या खाली बोलतच नाहीत, प्लेटचा खर्च निघत नाही त्यांचा, आणि फॅनझीनच्या एवढ्या कॉपी लागतात कुणाला? आम्ही ६० काढतो. ए-फोर मधे दुमडून ४० पानं म्हणजे १० शीट, वर १७० जीएसएमचं, म्हणजे जाडसर कागदाचं कव्हर, मधे दोन पिना, सगळं धरून कॉपी ३० रुपयांच्या आत बसते. पानं चारच्या पटीत आणि बुकलेटच्या क्रमाने लावणं हे सगळं दुकानातला ऑपरेटर दादा करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

या दादासाठी मी पाच स्टार देईन. वर्डची फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर उघडली तर फॉन्ट बदलून सगळीकडे ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं, आणि प्रिंट मारायच्या आधी त्यानेच स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, मॅडम हे ‘ऱ्या’ बघा, असंच जाऊ देऊ का? दुसरीकडे तसंच छापून हातात ठेवलं असतं. तेव्हा पीडीएफच न्या, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलमध्येच घालून.

काकांनी पहिल्याच वेळी विचारलं, हे स्टार ट्रेक तुमचं आहे का, परवानगी घेतलीय? कुणाची अख्खी पुस्तकं ते झेरॉक्स करून देत नाहीत, त्यामुळे त्यांचा प्रश्न बरोबरच होता. मग मी त्यांना सगळं सांगत बसले. पहिलं स्टार ट्रेक फॅनझीन ‘स्पॉकनेलिया’, सप्टेंबर १९६७, न्यूयॉर्कच्या देव्हरा लँगसॅम आणि शर्ना कमरफोर्ड या दोघींनी काढलेलं, तेव्हा सिरीयल टीव्हीवर चालू होती, आणि निर्माते जीन रॉडनबेरींनी १९६८ मध्ये पत्रातून कळवलं की आमच्या ऑफिसात हे सगळ्यांनी वाचलंच पाहिजे. सगळीकडे असं कौतुक झालं नाही हेही सांगितलं. १९८१ मध्ये स्टार वॉर्सवाल्या लुकासफिल्मने झीन काढणाऱ्यांना पत्रं पाठवून प्रौढांसाठीच्या गोष्टींवर हरकत घेतली होती. हे जग दुसऱ्यांचं, ते कधीही हरकत घेऊ शकतात, म्हणूनच आम्ही छपाईला पडतील तेवढेच पैसे घेतो, वर एक रुपया नाही, आणि पात्रं कुणाची ते पहिल्या पानावर छापतो. काका म्हणाले, मग दे, छापतो. त्यांनी स्वतः सायक्लोस्टाईलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून कॉपी काढायच्या जुन्या मशीनवर, परीक्षांचे पेपर काढलेत, टाइपरायटरची रिबन काढून स्टेन्सिल कापायची, चूक झाली की करेक्शन फ्लुइड लावून वाळेपर्यंत थांबायचं. ती अमेरिकेतली झीन्सही बरीचशी अशीच निघायची हे ऐकल्यावर त्यांनी आमचा अंक पहिल्यांदा उघडून वाचायला घेतला.

तक्रार एकच पण मोठी. कव्हरवर आमच्याकडच्या एकीने काढलेलं कृष्णविवर होतं, जवळजवळ पूर्ण काळं, आणि दुमडल्यावर कण्यावर, म्हणजे घडीच्या कडेला, टोनर (झेरॉक्सची पावडर शाई) तडकून पांढरी रेघ उमटली, सगळ्या कॉपींवर. जाड कागद दुमडायच्या आधी क्रीज मारून, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडून, घ्यायला हवा होता, ते केलं नाही आणि आम्हाला विचारलंही नाही. पैसे कमी केले, पण तिने इतक्या दिवस बसून काढलेलं चित्र होतं, वाईट वाटायचं ते वाटलंच. पुढच्या अंकाला क्रीज मारून घेतली, मधली पट्टी पांढरी ठेवली, मग नीट आलं.

अंक गेल्यावर काय होतं तेही सांगते, कारण त्यासाठीच तर छापायचं. फोनवर पाठवलेल्या गोष्टीला अंगठा येतो, छापलेल्या अंकाला पत्र येतं. पंचवटीतल्या एक काकू पोस्टकार्ड पाठवतात, बारीक अक्षरात, कडेला उभं लिहून सुद्धा. त्यांनी लिहिलं की तुमची नायिका वयाने सगळ्यात लहान, हुशारीत सगळ्यांच्या वर, आणि अख्खं जहाज तिच्या प्रेमात, असं कुठे असतं का! पॉला स्मिथने १९७३ मध्ये ‘मेनॅजरी’ नावाच्या झीनमध्ये छोटीशी विडंबनकथा लिहून नेमकं हेच पकडलं होतं, त्यातली मेरी सू पुढे अशा सगळ्या नायिकांचं नावच होऊन बसली. काकूंना यातलं काही माहीत नाही, तरी नेमकं तिथेच बोट ठेवलं. पुढच्या भागात नायिकेचा एक निर्णय साफ चुकवला आणि गोष्ट खरंच सुधारली.

एका वाचनालयाने मात्र अंक ठेवून घेतला नाही, हे मासिकही नाही आणि पुस्तकही नाही, नोंद कशात करू म्हणाले. ज्या नाशकात २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते तिथे विज्ञानकथेच्या अंकाला एक कोपरा मिळू नये याचा मला राग येतो. आता थोड्या कॉपी काकांच्या काउंटरवरच असतात, झेरॉक्सला आलेली मुलं चाळतात, काही घेऊनही जातात.

जायचं तर दुपारी जा, संध्याकाळी क्लासच्या नोट्सची रांग असते. गाडी लांब लावून चालत या, दारात लावायला जागा नाही. रविवारी बंद. ५० च्या वर कॉपी असतील तर पानामागे रेट कमी होतो, आधी विचारून घ्या, आणि कव्हर गडद असेल तर क्रीज मारा हे स्वतःहून सांगा.