व्हॅलेन्सियात नवे आलात? मग वर्ष १९ मार्चनंतर मोजा

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरचं व्हॅलेन्सिया नव्याने राहायला आलेल्याला रिकामं बसू देत नाही. बहुतेक कार्यक्रम फुकट, हवा बाराही महिने बाहेर पडण्यासारखी. खोट एकच आहे. जे सर्वांत आधी हाताला लागतं, म्हणजे बारमधल्या ‘नवागतांच्या भेटी’, तिथे फक्त दुसरे नवागत भेटतात. त्यातले निम्मे जूनमध्ये शहर सोडून जातात आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा भेटींना पाचपैकी दोन गुण, तेही पहिल्या महिन्यापुरते.

पाचपैकी पाच द्यावेत असं काही असेल तर ते फायास, पण पाहण्यासाठी नव्हे, सभासद होण्यासाठी. २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत असलेला हा उत्सव पर्यटकासाठी १५ ते १९ मार्च एवढाच असतो. राहणाऱ्याने त्यामागची मंडळं पाहावीत. गणेशोत्सव मंडळ जवळून पाहिलेल्याला फार समजावून सांगायला नको: चार गल्ल्यांमागे एक ‘कोमिसिओन’ आणि शहरभर अशा साडेतीनशेहून जास्त. वर्गणी, अध्यक्षपदाची चुरस, शेजारच्या मंडळाचा देखावा आपल्यापेक्षा मोठा झाला की रुसवेफुगवे, सगळं तेच. देखावे मात्र पाण्यात नाही, आगीत जातात.

मंडळाचं वर्ष १९ मार्चला, संत जोसेफच्या दिवशी संपतं. नव्या वर्षाची सभासद नोंदणी, म्हणजे ‘अपुन्ता’, त्यानंतर लगेच होते. जाण्याची वेळ ती. फेब्रुवारीत दार ठोठावलंत तर सगळे कामात बुडालेले, तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नाही. एप्रिलमध्ये नाव घातलंत तर वर्गणी हप्त्याहप्त्याने भरता येते आणि मार्च उजाडेपर्यंत अकरा महिने ‘कासाल’मध्ये, म्हणजे मंडळाच्या जागेत, बसून ओळखी होतात. तिथे ‘सोबाकियो’ पद्धतीचं जेवण चालतं: प्रत्येकाने आपापला डबा घरून आणायचा. शाकाहारी माणसाला यासारखी सोय नाही. जेवणानंतर पत्त्यांचा ‘त्रुक’ हा डाव रंगतो. तो शिकून घ्या, भाषेच्या वर्गापेक्षा लवकर जीभ सुटते.

खर्चाचं एक आधी विचारून घ्या. १७ आणि १८ मार्चला मेरीमातेला फुलं वाहण्याची जी मिरवणूक निघते, तिच्यात पारंपरिक पोशाखाशिवाय चालता येत नाही आणि बायकांचा रेशमी पोशाख फार महाग असतो. घाईने विकत घेऊ नका. भाड्याने मिळतो, जुना मिळतो, आणि बाकी सगळ्या कार्यक्रमांना मंडळाचा सैलसर सुती सदरा चालतो.

सभासद नसलात तरी १ ते १९ मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात होणारी ‘मास्क्लेता’ चुकवू नका. ही आतषबाजी डोळ्यांची नाही, कानांची आणि छातीची आहे: पाचसात मिनिटं फटाक्यांच्या माळा लयीत चढत जातात आणि शेवटच्या ‘भूकंपात’ पायाखालची फरशी हादरते. आमच्याकडे दिवाळीत फटाके वाजतात, इथे ते ‘वाजवले’ जातात, ढोल-ताशासारखे. तोंड किंचित उघडं ठेवा म्हणजे कानावरचा दाब कमी होतो. तान्ह्या मुलांना नेऊ नका, नेलंत तर कानांवर जाड संरक्षक हवेत. पाऊण तास आधी पोचा आणि संपल्यावर जवळच्या मेट्रो स्थानकाकडे धावू नका, एक स्थानक चालत पुढे जा. १९ तारखेच्या रात्री देखावे जाळतात: आठच्या सुमारास मुलांचे, दहापासून मोठे, अकराला चौकातला. चौकातली गर्दी सोडून आपल्या गल्लीतला जळताना पाहा, तिथे अध्यक्षबाई रडताना दिसतात.

भाषेची देवाणघेवाण, ‘इंतरकाम्बिओ’, आठवड्यातल्या जवळजवळ प्रत्येक संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या बारमध्ये असते. एक पेय घ्यायचं, बाकी फुकट. ती फसते कारण दहा मिनिटांत सगळे इंग्रजीवर येतात. उपाय सोपा: दोघांनीच बसायचं, मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि तो वाजला की भाषा बदलायची. पक्कं शिकायचं असेल तर सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रं आणि ‘एस्कुएला ओफिसिआल दे इदिओमास’, म्हणजे सरकारी भाषाशाळा, यांचे वर्ग खासगी शिकवणीपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. जागा मात्र पटापट भरतात, म्हणून उन्हाळ्याच्या आतच चौकशी करा.

आधी ‘एम्पाद्रोनामिएन्तो’, म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंद, करून टाका, अनेक ठिकाणी हा कागद मागतात. वेळ आधी ठरवावी लागते. पासपोर्ट आणि भाडेकरार न्या. करारावर तुमचं नाव नसेल तर त्या घरात आधीच नोंद असलेल्या किंवा घरमालक असलेल्या व्यक्तीची लेखी संमती लागते, आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. खोली घेण्याआधीच विचारा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: कायम निवासाचा परवाना मिळेपर्यंत ही नोंद दर दोन वर्षांनी नवी करावी लागते, नाहीतर रद्द होते.

उन्हाळ्यात २३ जूनची रात्र समुद्रकिनाऱ्यावरची. माल्वारोसा किनाऱ्यावर शेकोट्या पेटतात, मध्यरात्री लाटांवरून उड्या मारतात. काचेच्या बाटल्या नेऊ नका आणि परतीच्या ट्रामवर भरवसा ठेवू नका. जुलैच्या शेवटच्या रविवारी आलामेदा रस्त्यावर फुलांची लढाई. मग ऑगस्ट. दुकानांवर ‘सुट्टीसाठी बंद’च्या पाट्या, बऱ्याच गटांच्या भेटी थांबलेल्या. ऑगस्टमध्ये आलेला माणूस शहराला नावं ठेवतो, त्याचं चुकतही नाही. शेवटच्या बुधवारी बुन्योल गावातली टोमॅटोची लढाई असते. तिला आता तिकीट लागतं. टोमॅटो फेकण्याआधी हातात चिरडायचा हा नियम आहे, आणि डोळ्यांना पोहण्याचा चष्मा लावाच.

शरद ऋतूत ९ ऑक्टोबर हा व्हॅलेन्सिया स्वायत्त प्रदेशाचा दिवस. त्या दिवशी रुमालात बांधून मार्झिपानची फळं देतात. पण याच ऋतूत धो धो पाऊस कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात प्रांतात दोनशेहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून हवामान खात्याचा लाल इशारा कुणी हसण्यावारी नेत नाही. इशारा आला की कार्यक्रम रद्द, बागा बंद, आणि तळघरातली गाडी काढायला उतरायचं नाही. एरवी तुरिया बाग सर्वांत भरवशाची. १९५७ च्या पुरानंतर नदी शहराबाहेर वळवली आणि तिच्या कोरड्या पात्रात ही सुमारे नऊ किलोमीटरची बाग झाली. धावणारे गट संध्याकाळी तिथेच भेटतात, नवख्याला कुणी नाव विचारत बसत नाही.

वर्षभर चालणाऱ्यांत गुरुवारचं पाणी न्यायालय, म्हणजे शेतीच्या पाण्याचे तंटे सोडवणारी बैठक, हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुनं. दुपारी बाराला कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारात काळ्या अंगरख्यातले शेतकरी गोलाकार बसतात, एकेका पाटाचं नाव पुकारलं जातं, आणि कुणाची तक्रार नसेल तर सगळं काही मिनिटांत आटोपतं. म्हणून पावणेबारालाच उभे राहा. तिथून मध्यवर्ती बाजार दहा मिनिटांवर आहे. तो तीनला मिटतो, रविवारी उघडतच नाही.