घरी येणाऱ्या केअरर आणि त्यांचे बिल: मावशीसाठी स्वखर्चाने घेतलेल्या सेवेचे सात महिने

माझी ८१ वर्षांची मावशी लंडनच्या एका उपनगरात एकटी राहते आणि तिला पार्किन्सन्सचा आजार आहे. मूलबाळ नाही, काकांना जाऊन नऊ वर्षे झाली, आणि मी रेल्वेने दीड तासाच्या अंतरावर असते. २०२५ च्या एप्रिलपासून तिच्यासाठी आम्ही एका खासगी संस्थेची सेवा घेत आहोत. केअरर, म्हणजे देखभाल करणाऱ्या बायका, सुरुवातीला दिवसातून चार वेळा घरी येत. सकाळी पाऊण तास, आणि दुपारी, संध्याकाळी व रात्री अर्धा-अर्धा तास. सगळा खर्च मावशी स्वतःच्या पेन्शनमधून आणि बचतीतून करते, म्हणून या परीक्षणात सेवेपेक्षा बिलाविषयीच अधिक लिहिणार आहे.

खर्च तिलाच का करावा लागतो, हे पुण्यातल्या नातेवाइकांना समजावताना माझी दमछाक होते, कारण तिकडे म्हातारपणी सगळे सरकार बघते अशी त्यांची पक्की समजूत आहे. एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, डॉक्टर आणि रुग्णालय मोफत असते हे खरे. परंतु अंघोळ घालणे, कपडे बदलणे, जेवण पुढ्यात ठेवणे ही कामे ‘सोशल केअर’मध्ये मोडतात, ती काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, अखत्यारीत येतात आणि काउन्सिल आधी तुमची पुंजी तपासते. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक पुंजी असली की सगळा खर्च तुमचा, आणि हा आकडा २०१० पासून जागचा हललेला नाही. आयुष्यभराच्या खर्चाला ८६,००० पौंडांची कमाल मर्यादा घालण्याची योजना होती. ती आधी पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये रद्दच झाली. (स्कॉटलंडमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींना अशी वैयक्तिक देखभाल २००२ पासून मोफत आहे, हे मावशी दर महिन्याला बिल भरताना ऐकवते.) एवढे मात्र बरे की सेवा घरीच घेतली तर राहते घर हिशेबात धरत नाहीत, केअर होममध्ये कायमचे राहायला गेलेल्या एकट्या माणसाचे घर मात्र सहसा धरले जाते. केअर होमचे नाव काढू न देण्यामागे हेच कारण आहे असे मावशी सांगते. मला विचाराल तर खरे कारण तिचा देव्हारा आणि मागच्या काचेच्या खोलीत जिवापाड जपलेला कढीपत्ता हे आहे.

सकाळी येणाऱ्या केअररबाई मूळच्या केरळच्या आहेत आणि त्यांच्याविषयी लिहावे तेवढे थोडे आहे. या आजारात चालता चालता पाय एकाएकी जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दारात. पहिल्याच आठवड्यात या बाईंनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या चार रेघा आखल्या. मावशीचे पाऊल अडले की त्या तिला ओढत नाहीत. शेजारी उभ्या राहून ‘अम्मा, वन, टू’ एवढेच म्हणतात आणि मावशी रांगोळी ओलांडावी तशी एकेक रेघ ओलांडते. आल्याचा चहा त्या आता मावशीच्या मनासारखा करतात, याहून मोठे प्रशस्तिपत्र आमच्या घराण्यात नाही.

संध्याकाळची आणि रात्रीची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या दोन महिन्यांत या दोन वेळांना मिळून अकरा वेगवेगळ्या केअरर आल्या आणि प्रत्येकीला गोळ्यांचा डबा कुठे असतो हे मावशीलाच दाखवावे लागले. तिच्या गोळ्या ठरलेल्या वेळीच घ्याव्या लागतात, कारण तासभर उशीर झाला तर पुढचे दोन तास तिला खुर्चीतून उठता येत नाही. तरीही रात्री आठची भेट कधी नऊला, तर कधी सव्वानऊला व्हायची. दोष त्या मुलींचा नव्हे. एका घरातून दुसऱ्या घरी पोहोचायला लागणारा वेळ त्यांच्या वेळापत्रकात जवळपास धरलेलाच नसतो, हे त्यांच्यापैकी एकीने मला फोनवर दाखवले.

आता बिल. सोमवार ते शुक्रवार ताशी २९ पौंड, शनिवार-रविवारी ३३ आणि बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) दुप्पट, असा दर आहे. दिवसाचे सव्वादोन तास धरले तर साध्या आठवड्याचे ४७४.७५ पौंड होतात. दर वाजवी आहे असे मी चार ठिकाणी चौकशी करून म्हणते. तक्रार मिनिटांची आहे. केअररच्या येण्याजाण्याची नोंद संस्थेच्या ॲपमध्ये होते आणि ती नातेवाइकांनाही दिसते. जून महिन्यातल्या दुपारच्या ३० भेटी मी वहीत उतरवून काढल्या, तेव्हा त्यांपैकी १९ भेटी बावीस मिनिटांच्या आत आटोपल्या होत्या, आणि बिल मात्र प्रत्येक भेटीच्या पूर्ण अर्ध्या तासाचे होते. विचारणा केल्यावर करारातले एक कलम दाखवण्यात आले, ज्यानुसार आकारणी प्रत्यक्ष वेळेवर नव्हे तर ठरलेल्या वेळेवर होते. जुलैमध्ये मावशी आठ दिवस रुग्णालयात होती, तर पहिल्या सात दिवसांचे पूर्ण पैसे लावले गेले, म्हणजे रिकाम्या घराच्या देखभालीचे ४७४.७५ पौंड. तेही कलम करारात होते. सही करताना मी दरांचे पान दोनदा वाचले आणि कलमांची पाने चाळली, हा दोष माझा.

काउन्सिलने पैसे दिले असते तर ही मिनिटे तपासायला तिथला एखादा माणूस तरी असता. स्वखर्चाने सेवा घेणाऱ्याचे हे काम त्यालाच करावे लागते. मात्र एक गोष्ट मी फार उशिरा केली. पुंजी कितीही असली तरी गरजांचे असेसमेंट काउन्सिलकडून मोफत करून घेता येते. ते झाल्यावर गोळ्यांच्या वेळा ठळकपणे लिहिलेला कागद हाती आला आणि तो पुढे करताच संस्थेने रात्रीची भेट दोन ठरावीक केअररकडे सोपवली. अटेंडन्स अलाउन्स या आजारी वृद्धांसाठीच्या सरकारी भत्त्यालाही पुंजीची अट नाही; मावशीला २०२५-२६ च्या खालच्या दराने आठवड्याला ७३.९० पौंड मिळू लागले आणि तो अर्ज भरायला आम्ही निष्कारण चार महिने लावले. तक्रारीच्या बाबतीतही माझा गैरसमज होता. सीक्यूसी ही देखभाल सेवांवरची नियामक संस्था अशा संस्थांची तपासणी करून त्यांना श्रेणी देते, पण एकेकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. आधी संस्थेकडे लेखी तक्रार करून समाधान झाले नाही, तर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे (तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे) विनामूल्य जाता येते, आणि स्वखर्चाने सेवा घेणाऱ्यांनाही तो मार्ग खुला आहे.

आमचे प्रकरण तिथवर गेले नाही. लेखी तक्रारीनंतर संस्थेने जूनच्या बिलातले ६० पौंड ‘सदिच्छा’ म्हणून परत केले आणि रुग्णालयाचे कलम सातऐवजी दोन दिवसांवर आणले. पाचपैकी तीन तारे देते, आणि त्यांतले दोन सकाळच्या बाईंचे आहेत. दुपारची भेट ऑक्टोबरपासून आम्ही बंद केली. त्या वेळेला आता पलीकडच्या गल्लीतल्या गुजराती बाईंकडून डबा येतो. भाजीत साखर असते, अशी मावशीची तक्रार आहे.