सहकारी अध्यक्षपदाला उभी आहे: नावानिशी पाठिंबा द्यावा की खासगीत शब्द टाकावा?

मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निवडणूक आली आणि तुमच्यासोबत काम करणारी डॉक्टर अध्यक्षपदाला उभी राहिली, तर दोन वाटा असतात. तिच्या पत्रकावर सही करायची, किंवा नाव कुठेही येऊ न देता ओळखीच्या सदस्यांशी बोलायचं. आपल्या एकट्याच्या शब्दाने काय होणार, असं वाटत असेल तर अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे आल्फ्रेड फ्रीडमन आठवा. तरुण सदस्यांच्या एका गटाने आग्रहाने त्यांना उभं केलं आणि सुमारे ९,००० मतांत ते अवघ्या ३ मतांनी निवडून आले. ते अध्यक्ष असतानाच, डिसेंबर १९७३ मध्ये, समलैंगिकता मानसिक विकारांच्या यादीतून वगळण्याचा निर्णय झाला.

खासगी बोलण्याचा मोठा गुण म्हणजे समोरचा मोकळेपणाने विचारू शकतो. विरोधी मत ऐकताना ती चिडते का? बैठकीला कागद वाचून येते का? पत्रकावर अशा प्रश्नांना जागा नसते. पण याच कुजबुजीत आपल्या व्यवसायाचा खास दोष डोकावतो. प्रतिस्पर्ध्याला पटकन ‘नार्सिसिस्टिक’ (विकृतीइतका आत्मकेंद्री) म्हटलं जातं. न तपासलेल्या आणि संमती न दिलेल्या सार्वजनिक व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत देऊ नये, असा गोल्डवॉटर नियम त्याच संघटनेने १९७३ मध्ये केला. तो आपापसातल्या प्रचारातही पाळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. रोगनिदान हे प्रचाराचं हत्यार होता कामा नये.

उघड पाठिंब्यात जबाबदारी येते. तुमचं नाव वाचणारा तुमच्या शब्दासाठी तुम्हालाच जबाबदार धरतो, म्हणून तुम्हीही तोलून लिहिता. ‘अनुभवी, मनमिळाऊ, कार्यक्षम’ अशा विशेषणांनी मात्र कुणाचंच मत हलत नाही. त्याऐवजी एखादा प्रसंग लिहा: निवासी डॉक्टरांच्या रात्रपाळीवरून समितीत वाद पेटला, तेव्हा तिने आधी त्यांनाच बोलावून ऐकून घेतलं आणि ठरलेलं इतिवृत्तात नोंदवून घेतलं. तिची चिकाटी दाखवण्यासाठी रुग्णाची गोष्ट मात्र वापरू नका, नाव बदलूनसुद्धा नाही.

हरली तर जिंकलेल्या माणसासोबत तुम्हाला काम करायचंच आहे, ही भीती बहुतेकांना असते. माझ्या मते ती फुगवलेली असते. प्रतिस्पर्ध्यावर शिंतोडे न उडवता दिलेल्या पाठिंब्याचा राग क्वचितच टिकतो. खरी अडचण अधिकाराची आहे. तुम्ही विभागप्रमुख किंवा परीक्षक असाल, तर हाताखालच्या निवासी डॉक्टरांना तुमची साधी विनंतीही आज्ञेसारखी वाटते. सही करा, पण त्यांच्याकडे मत मागू नका. निवडणूक समितीवर असाल तर दोन्ही वाटा बंद.

तिचं काम जवळून पाहिलं असेल तर मी सहीच निवडेन. १९७३ च्या त्या निर्णयाविरुद्ध काही सदस्यांनी सार्वमत घ्यायला लावलं आणि १९७४ मध्ये मत देणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांनी निर्णय कायम ठेवला. म्हणजे मत देणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास सदस्य विरोधात असतानाही नेतृत्वाला संघटना एकत्र ठेवावी लागली. तुमची सहकारी एवढ्या विरोधासमोर शांतपणे बसून उत्तरं देऊ शकेल, हे स्वतः पाहिलं असेल तर पत्रकात तेच लिहा. नुसती मैत्री असेल, तर सही टाळा आणि तिला तसं आधीच, समोरासमोर सांगा.