एजंटच्या हाती बटणं द्यावीत की फाइल?

कीकॅड या सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय एजंटकडून (स्वतःहून पायऱ्या करत काम करणाऱ्या एआयकडून) काम करून घ्यायचं म्हटलं की दोन रस्ते समोर येतात. एक, चालू एडिटरला आयपीसी एपीआयवरून, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने एडिटरशी बोलायच्या सोयीवरून, कमांड द्यायच्या. दुसरा, एडिटर बंद ठेवून एजंटला थेट बोर्डाची फाइल बदलू द्यायची आणि मग कीकॅड-सीएलआय या कमांड लाइनवरच्या साधनाने तपासणी करायची. एजंटला अशी साधनं पुरवणारा एमसीपी सर्व्हर कसा जोडतात वगैरे तुम्हाला माहीत असेलच. मी दोन्ही वापरतो, पण सारखे नाही.

बघायला चालू एडिटरच सरस. कीकॅड 9 बरोबर 2025 साली आलेल्या या एपीआयमुळे 'डीकपलिंग कपॅसिटर (वीजपुरवठा स्थिर ठेवणारे) यू3 या चिपच्या पॉवर पिनांजवळ आण' म्हटलं की ते डोळ्यांदेखत सरकतात. बदल एकाच कमिटमध्ये बांधता येतात, त्यामुळे एजंटने अर्धा बोर्ड हलवला तरी एका कंट्रोल-झेडमध्ये सगळं जागच्या जागी. मांडणीच्या कामात ही मोठीच सोय आहे.

पण याच एपीआयला एक मागचं दार आहे: रन ॲक्शन. एडिटरमधली अंतर्गत कृती तिच्या नावाने चालवायची सोय. ही नावं म्हणजे एपीआय नव्हे, ती बदलू शकतात किंवा नाहीशी होऊ शकतात, असा इशारा खुद्द सोर्स कोडमध्ये आहे. एजंटला त्याचं काय! सरळ फंक्शन सापडलं नाही की तो तिकडेच वळतो. आणि फिरवणं, पुसणं अशा कृती कुठल्या वस्तूवर करायच्या हे सांगावं लागत नाही. जे सिलेक्ट असेल त्यावर त्या चालतात. सिलेक्शन माझं आणि त्याचं एकच. तो एका रेझिस्टरवर काम करत असताना मी सहज कनेक्टर बघायला क्लिक केलं, की पुढचं 'फिरव' कनेक्टरला लागू. यूएसबीचं तोंड बोर्डाच्या आत वळलेलं, आणि एजंटचा निरोप आलेला: रेझिस्टर फिरवला.

तो खोटं बोलतो असंही नाही. रन ॲक्शनकडून येणारा 'ओके' म्हणजे कृती सुपूर्द झाली, इतकंच. पुढे काय झालं ते त्यात नसतं. मधेच एखादा डायलॉग उघडला तर तो माणसाच्या क्लिकची वाट बघत बसतो, आणि एजंट पुढची कामं पाठवत राहतो. थोडक्यात, स्वतःच्याच एडिटरमध्ये माऊसला हात न लावता बसायचं. इतर तक्रारी मी चालवून घेतल्या असत्या, ही मात्र मला सोसली नाही.

ईगल हे असंच दुसरं बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर वापरलेल्यांना इथे हळहळ वाटेल. तिथे प्रत्येक बटणामागे टाइप करायची कमांड होती आणि वस्तूचं नाव कमांडमध्येच देता यायचं.

फाइलच्या रस्त्यावर सिलेक्शन ही भानगडच नाही. कीकॅडच्या फाइली साध्या मजकुराच्या, कंसात कंस अशा, त्यामुळे एजंटने नेमकं काय केलं ते गिटच्या डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या फाइलमधला फरक दाखवणाऱ्या यादीत, दिसतं. कीकॅड 8 पासून डीआरसी (बोर्डाच्या नियमांची तपासणी) आणि ईआरसी (सर्किटच्या जोडण्यांची तपासणी) दोन्ही कमांड लाइनवरून चालतात. योग्य पर्याय दिला तर नियमभंग सापडल्यावर एक्झिट कोड 5 येतो आणि जेसन अहवाल एजंटला परत वाचायला देता येतो. 'झालं' या त्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

खड्डे इथेही आहेत. माझ्या आवडीचा खड्डा म्हणजे फूटप्रिंटचा, म्हणजे एका भागासाठी बोर्डावर आखलेल्या जागेचा, कोन. बोर्डाच्या फाइलमध्ये पॅडच्या (पिन जिथे डाग देऊन जोडतात त्या तांब्याच्या तुकड्याच्या) कोनात फूटप्रिंटचा कोन आधीच मिळवलेला असतो. एजंट फक्त फूटप्रिंटची ओळ बदलून 90 लिहितो. पॅडच्या जागा फिरतात, पण प्रत्येक पॅडचा आकार जुन्याच दिशेला राहतो. क्यूएफपीचे (चारही बाजूंना पिना असलेल्या चिपचे) बारीक पॅड मग एकमेकांवर आडवे पडतात. सुदैवाने डीआरसी यावर लगेच बोंब मारते. दोनच पॅडच्या भागात ते निसटूही शकतं, म्हणून फिरवाफिरवीसाठी एजंटला तशी स्पष्ट सूचना लिहून ठेवलेली बरी. शिवाय झोनचं, म्हणजे बोर्डावर पसरून भरलेल्या भागाचं, तांबं जुनंच राहतं; फाइल एडिटरमध्ये उघडून कीबोर्डवरचं B दाबून ते पुन्हा भरून घ्यावं. फाइल बदलताना एडिटर उघडा असेल तर त्याला पत्ता नसतो, आणि तिथून सेव्ह केलं की एजंटची मेहनत पाण्यात.

स्किमॅटिकपुरता (सर्किटच्या आकृतीपुरता) तर प्रश्नच मिटतो. कीकॅड 9 मध्ये हा एपीआय फक्त पीसीबी (बोर्डाच्या) एडिटरपर्यंत पोचतो, त्यामुळे तिथे फाइलच. 1.27 मिमीची ग्रिड पाळायला मात्र बजावून सांगा. वायरचं टोक पिनेपासून केसभर जरी सरकलं तरी जोडणी होत नाही, आणि चित्रात ते सहज नजरेत येत नाही.

काम कसलं यावरही बरंच अवलंबून आहे. समोर बसून जागा ठरवत, 'जरा डावीकडे, अजून थोडं' असं करवून घ्यायचं असेल तर चालू एडिटरला पर्याय नाही, आणि कुणी तो निवडला तर मी वाद घालणार नाही. फक्त एजंटला दिलेल्या टूलच्या यादीतून रन ॲक्शन आधी काढून टाका आणि वस्तूच्या आयडीवर चालणारी फंक्शनंच ठेवा. नेटची (एकमेकींना जोडलेल्या पिनांच्या गटांची) नावं बदलणं, सगळ्या बोर्डभर व्हियाचा (थर जोडणाऱ्या छिद्रांचा) आकार बदलणं, सिल्कस्क्रीन (बोर्डावर छापलेली अक्षरं) आवरणं असली कामं मी एडिटर बंद करून फाइलवरच सोपवतो.