आखूड बॅरलची कार्बाइन आणि गॅस सिस्टिमची लांबी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

५.५६ मिमीच्या एआर-१५ पद्धतीच्या कार्बाइनवर १०.३, ११.५ आणि १२.५ इंचांच्या बॅरल दहा महिने आलटून पालटून वापरल्यानंतरचा हा अनुभव. तिन्हींवर गॅस सिस्टिम (गोळीमागच्या गॅसने बंदूक पुन्हा भरून घेणारी यंत्रणा) कार्बाइन लांबीची, लोअर (ट्रिगरचा खालचा भाग) आणि बफर ट्यूब (मागची नळी, हिच्यात बोल्टचा धक्का झेलणारं वजन म्हणजे बफर असतो) तीच. निकाल आधीच सांगून टाकतो: ११.५ किंवा १२.५ इंच घ्या, गॅस कार्बाइन लांबीचाच ठेवा, आणि पैसे देण्याआधी पोर्टचा, म्हणजे बॅरलमधून गॅस वर जाण्याच्या भोकाचा, व्यास विचारा. हा तिसरा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि पुढची बहुतेक डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

कायद्याचं एक वाक्य. अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे १६ इंचांहून आखूड बॅरलच्या रायफलची नोंदणी लागते, आणि मंजुरी हातात पडल्यावरच जोडणी करायची. बॅरल आधी बसवून अर्ज मागून करणं हा गुन्हा आहे.

आता मुद्दा. बॅरल किती इंची हे सगळे बघतात. बघायला हवं ते पोर्टपासून बॅरलच्या तोंडापर्यंत उरलेलं अंतर. गोळी पोर्ट ओलांडून पुढे गेली की गॅस त्या भोकातून वर ट्यूबमध्ये शिरतो आणि मागे बोल्ट कॅरियरपर्यंत (चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बंद करणारा बोल्ट घेऊन मागे-पुढे सरकणारा भाग) पोचतो. गोळी बॅरलमध्ये आहे तोवर ती बुचासारखं काम करते, दाब टिकून राहतो. ती तोंडातून बाहेर पडली की बूच निघालं, दाब कोसळला. कॅरियरला मागे ढकलण्याचं सगळं काम या मधल्या क्षणात उरकावं लागतं.

बोल्ट फेसपासून मोजलं तर पोर्ट कार्बाइन लांबीत साधारण ७.८ इंचांवर असतं, मिड-लेंग्थमध्ये ९.८ वर, रायफल लांबीत १३.२ वर. आता वजाबाकी करून बघा. २० इंची रायफलला ६.८ इंच उरतात, कार्बाइन गॅसच्या १४.५ इंची एम४ ला (अमेरिकी लष्कराची कार्बाइन) ६.७. तीच १४.५ मिड-लेंग्थवर नेली की ४.७. आणि १२.५ इंची बॅरल कार्बाइन गॅसवर? तेही ४.७. म्हणून १२.५ इतकी मऊ चालते. ११.५ ला ३.७ उरतात, १०.३ ला जेमतेम २.५.

मिड-लेंग्थ मऊ चालते हे ऐकून १२.५ वरही ती बसवायचा मोह होतो. तिथे २.७ इंच उरतात, म्हणजे १०.३ इतकाच आखूड क्षण. त्यात पोर्ट पुढे सरकल्यामुळे तिथला दाबही कमी. मग भरपाई म्हणून पोर्ट मोठं ठेवावं लागतं आणि मऊपणासाठी केलेला खटाटोप वाया जातो. १४.५ आणि १६ इंचांवर मिड-लेंग्थ उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. १२.५ वर नको.

आखूड बॅरलमध्ये क्षण छोटा आणि पोर्ट चेंबरच्या जवळ, म्हणजे दाब जास्त आणि वेळ कमी. मिळणारा गॅस एक तर फार जोरात येतो किंवा अपुरा पडतो, मधली जागा अरुंद. एम४ चं पोर्ट सुमारे ०.०६२ इंच असतं आणि १०.३ इंची एमके१८ चं (त्याच घराण्यातली लष्करी आखूड कार्बाइन) ०.०७०. फरक हजाराव्या भागात आठचा. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे भोक सव्वापटीहून मोठं झालेलं असतं. काही उत्पादक मात्र कुठल्याही कमजोर काडतुसावर तक्रार येऊ नये म्हणून पोर्ट सरसकट मोठं पाडून देतात. पहिल्या दिवशी अशी बंदूक फार भरवशाची वाटते. बोल्ट हळूहळू झिजत असतो, ते नंतर कळतं.

गॅस जास्त असल्याची खूण पुंगळ्यांवर, म्हणजे उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांवर, वाचता येते. पुंगळी हातात घेऊन तळाची कड नखाने तपासा. एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी बाहेर खेचणारा बोल्टवरचा आकडा) पकडलेल्या जागी कड ओढून वाकलेली असेल, ब्रासवर चकचकीत ओरखडा असेल, तर बोल्ट वेळेआधी उघडतोय. पुंगळी अजून दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटलेली असते आणि एक्स्ट्रॅक्टर तिला तशीच खेचतो. याने आधी एक्स्ट्रॅक्टरचं स्प्रिंग मरतं, मग बोल्टच्या लगच्या (बोल्ट अडकवणाऱ्या दात्यांच्या) मुळाशी आणि बोल्ट फिरवणाऱ्या कॅम पिनच्या भोकापाशी चीर जाते. पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा. तोंडाची दिशा घड्याळातले १२ धरली तर ३ ते साडेचारच्या बाजूला पडणं ठीक. १ ते २ कडे फेकल्या जात असतील तर बहुतेक वेळा गॅस जास्त, ५ च्या मागे लुळ्या पडत असतील तर कमी. ही फक्त ढोबळ खूण आहे. डिफ्लेक्टरवर (पुंगळी वळवणारा बाहेरचा उंचवटा) आपटून किंवा इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) स्प्रिंगमुळे दिशा बदलते, त्यामुळे निर्णय एवढ्यावर नको.

गॅस कमी असेल तर शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहत नाही. त्याहून कमी असेल तर पुढची गोळी उचललीच जात नाही.

तिन्ही बॅरलमध्ये १२.५ ने सगळ्यात कमी त्रास दिला. एच बफरवर, म्हणजे ३.८ औंसांवर, ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ५.५६ आणि हलक्या भरण्याची .२२३ (त्याच मापाचं, थोडं कमी दाबाचं काडतूस) दोन्ही चालली. ११.५ ला एच२, म्हणजे ४.६ औंस, नीट बसला, कमजोर .२२३ वर थंडीत आणि मळलेल्या अवस्थेत अधूनमधून शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकला नाही. १०.३ पूर्ण ताकदीच्या ५.५६ वर बिनतक्रार चालते, पण तिच्याकडून स्वस्त काडतुसांची अपेक्षा ठेवू नये. शिवाय आवाज आणि ज्वाला इतकी की छताखाली शेजारच्या लेनवाल्याला त्रास होतो.

बसवतानाची एक चूक जवळून दाखवण्यासारखी आहे. पुष्कळ बॅरलवर पोर्टची जागा अशी ठरवलेली असते की गॅस ब्लॉकच्या (पोर्टवर बसून गॅस ट्यूबमध्ये वळवणारा ठोकळा) मागे हँडगार्डची (बॅरलभोवतीची पकड) पातळ पत्र्याची टोपी बसेल. फ्री-फ्लोट (बॅरलला न टेकणाऱ्या) हँडगार्डखाली लो-प्रोफाइल (बुटका) ब्लॉक लावताना ही टोपी नसते. ब्लॉक खांद्याला टेकवून स्क्रू आवळला की तो टोपीच्या जाडीएवढा, सुमारे ०.०२५ इंच, मागे बसतो. भोकाचा काही भाग झाकला जाऊ शकतो. बंदूक चालते, पण आजारी चालते, आणि दोष बिचाऱ्या काडतुसांवर जातो. ०.०२५ चा फीलर गेज मध्ये धरून ब्लॉक आवळावा. काही बॅरल मुळातच लो-प्रोफाइलसाठी पाडलेल्या असतात, त्यांना फट लागत नाही, म्हणून उत्पादकाची सूचना आधी वाचा. सेट स्क्रूखाली बॅरलला खड्डा केलेला असेल तर ब्लॉक हलत नाही. नुसत्या घर्षणावर राहिलेला ब्लॉक तापून सैल होतो.

ट्यूब सरळ बसली का ते पाहायला चार्जिंग हँडल आणि बोल्ट काढा, मोकळा कॅरियर अपरमध्ये हळूच पुढे सरकवा. ट्यूबचं टोक गॅस कीमध्ये (कॅरियरच्या वरची, गॅस आत घेणारी नळी) टकटक न करता शिरायला हवं. अडखळलं तर ब्लॉक किंचित फिरलेला आहे. कीच्या बुडाशी काजळीचे फराटे दिसले तर तिथून गॅस गळतोय: स्क्रू सैल, किंवा स्टेकिंग (स्क्रू सैल होऊ नये म्हणून धातू ठोकून दाबणं) कच्चं. गॅस रिंगा (बोल्टवरच्या, गॅस गळू न देणाऱ्या कड्या) तपासण्यासाठी बोल्ट पूर्ण बाहेर ओढून अख्खा कॅरियर बोल्टच्या तोंडावर उभा करा. स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंगा बदला.

ॲडजस्टेबल, म्हणजे स्क्रूने गॅस कमी-जास्त करता येणारा, गॅस ब्लॉक ११.५ वर मला उपयोगी वाटला, १२.५ वर गरज वाटली नाही. जुळवताना वापरातलं सगळ्यात कमजोर काडतूस घ्या. स्क्रू बंद करून सुरुवात, मॅगझिनमध्ये एकच गोळी. एकेक क्लिक उघडत बोल्ट मागे अडकेपर्यंत जा. त्याच जागी सलग ५ वेळा अडकला की वर २ क्लिक द्या, कारण बंदूक मळणार आहे आणि थंडीही येणार आहे. बफर आधी ठरवा, गॅस नंतर. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कळत नाही. या ब्लॉकचा खरा शत्रू काजळी. दर साफसफाईला स्क्रू पूर्ण आत-बाहेर फिरवून क्लिक मोजून मूळ जागी आणला नाही, तर काही महिन्यांत तो असा जाम होतो की ॲलन कीच गोल होते.

सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) लावला की तोंडाशीच दाब अडतो आणि गोळी गेल्यावरही गॅस मागे येत राहतो. त्यासाठी वेगळी सेटिंग मोजून लिहून ठेवावी. ती सेटिंग सप्रेसर काढल्यावर चालेलच असं नाही. ॲडजस्टेबल ब्लॉक नसेल तर एच३ बफर, ५.४ औंस, लावून बघा. त्याने बोल्ट उघडायला किंचित उशीर होतो, डोळ्यांत येणारा गॅस मात्र तेवढाच राहतो.

पोर्ट लहान वाटलं म्हणून घरी ड्रिल लावू नका. वाढवलेलं भोक परत लहान होत नाही, आणि आखूड बॅरलमध्ये ते गरम गॅसने खात खात तसंही मोठं होत जातं. गॅस कमी वाटला तर आधी ब्लॉकची जागा, मग की, मग रिंगा, मग काडतूस. एवढं तपासूनही तसंच राहिलं तर बॅरल विक्रेत्याकडे परत.

पिस्तूल लांबीच्या गॅसबद्दल थोडक्यात. ५.५६ मध्ये ७.५ इंची बॅरलला पर्याय नसतो म्हणून तो वापरतात, आणि तिथे पोर्टवरचा दाब फार चढतो. .३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाची गोष्ट वेगळी. त्याची भुकटी लवकर जळते, पोर्टपर्यंत दाब उतरलेला असतो, त्यामुळे ८-९ इंची बॅरलवर पिस्तूल गॅस हाच बरोबर. तिथे कार्बाइन गॅस लावला तर २२० ग्रेनच्या सबसॉनिक (आवाजाहून कमी वेगाच्या) गोळ्या सप्रेसरशिवाय बोल्ट पूर्ण मागे नेत नाहीत.