प्रिन्स रूपर्टची सामनची बोट: पाचपैकी साडेतीन

मुलगा कॅनडात, प्रिन्स रूपर्टला नोकरीला आहे. गेल्या ऑगस्टमध्ये त्यानं माझ्यासाठी सामन मासे धरायला दिवसभराची बोट ठरवली. सांगलीत आयर्विन पुलाखाली कणकेच्या गोळ्यावर कटला धरण्यात माझी चाळीस वर्षं गेली, तेवढं धरून हा अभिप्राय वाचा.

बोट स्वच्छ, कप्तान वेळेचा पक्का. पाऊस मात्र रेनकोटातूनही मानेत उतरत होता.

अर्धा दिवस मी नुसता प्रवासी. डाउनरिगर म्हणजे बोटीच्या कडेला बसवलेली छोटी विंच. साडेचार-पाच किलोचा शिशाचा गोळा तारेवर खाली सोडायचा, आपला दोरा त्याला चिमट्यानं अडकवायचा आणि बोट सावकाश फिरवायची. मासा लागला की दोरा चिमट्यातून सुटतो. मी साखर कारखान्यात फिटर होतो, यंत्र म्हणून मला ते झकास वाटलं. पण किती खोल सोडायचं ते कप्तान ठरवणार, गळ तोच लावणार, मासा लागला की काठी आपल्या हातात देणार. भाकरी कुस्करून घास भरवल्यागत झालं.

शेवटी मुलाला म्हटलं, "विचार त्याला, मला हातानं करू देतोस का?" गडी खूश! इंजिन बंद केलं, आमिषाच्या हेरिंग माशाचं मुंडकं तिरकं छाटलं. तसं छाटलं की उरलेलं धड पाण्यात गिरक्या घेतं. रीळ दिलं ते बिनब्रेकचं. मासा पळाला की हँडल उलटं गरगरतं. कोहो, म्हणजे सामनचीच एक जात, लागला, स्कीना नदीकडं निघालेला असणार, आणि माझी दोन पेरं सोलून निघाली. त्याआधी एक सुटला होता. तिकडं सामनला उलटा काटा नसलेलाच गळ वापरायचा कायदा आहे, दोरा जरा सैल पडला की मासा गेला. हा चार किलोचा मात्र आला. इंजिन बंद ठेवून असं हातानं धरण्याला 'मूचिंग' म्हणतात; बुकिंग करतानाच ते हवं म्हणून सांगा, दिवस फुकट जाणार नाही.

आता पैशाचं. 'सगळं धरून' म्हणाले होते. लायसन्स वेगळं, सामन ठेवायचा तर त्यावरचा स्टॅम्प वेगळा. ते सरकारी, मान्य. पण आधी सांगायला काय झालं होतं? मासा साफ करून बांधून द्यायचेही धक्क्यावर वेगळे पैसे घेतले. आणि वर मुंडकं सीगलांना फेकलं! रश्श्याचा ऐवज तो. आमची सौ. वाटण करून वाट बघत होती. अर्धा तारा त्याचाच कापलाय.